निकालानंतरची हजेरी

निकालपत्रकावर मुख्याध्यापकांची सही झाली, प्रगतिपुस्तके भरून गठ्ठा बांधून ठेवला, की मग वर्षभराच्या मननाला बसावे. त्याआधी बसू नये. त्याआधी डोक्यात बेरजा चालू असतात आणि बेरजांच्या गर्दीत मुले दिसत नाहीत. १ मेला झेंडावंदन होईल, मुलांच्या हातात प्रगतिपुस्तके पडतील, मग कोणी मामाच्या गावाला जाईल, कोणी शेळ्यांमागे, आणि आपणही आपापल्या घरी पांगू. म्हणून त्याच्या आधल्या एक-दोन दिवसांतली एखादी सकाळ राखून ठेवा. एप्रिलअखेरीला शाळा सकाळची असते. मुले लवकर घरी जातात, खिचडीची भांडी घासून पालथी घातलेली असतात, पत्रे तापायला लागलेले असतात. दार उघडे ठेवून वर्गातच बसा. जमले तर आपल्या खुर्चीवर नको. मुले जिथे बसतात तिथे, बाकावर किंवा सतरंजीवर बसा. तिथून फळा किती उंच दिसतो, तेही दिसेल.

सोबत वर्षभराची हजेरी घ्या आणि एक कोरी वही. मोबाइल पिशवीत राहू द्या. माहिती मागणारे निरोप येतच राहतील. अर्धा तास ते थांबू शकतात.

हे कशासाठी करायचे, ते आधीच सांगते. वर्ष संपताना प्रत्येक मुलाविषयी आपल्याला बरेच काही ठाऊक झालेले असते. कशाने ते खुलते, कशाने मिटते, कुठे अडते, कोणाशेजारी बसले की अभ्यास करते. यातले फारच थोडे कागदावर उतरते. उरलेले आपल्याजवळ राहते, उन्हाळ्याच्या सुट्टीत हळूहळू पुसट होते, आणि जूनमध्ये तेच मूल दुसऱ्या शिक्षकांपुढे अनोळखी होऊन उभे राहते. मग ते शिक्षक दिवाळीपर्यंत तेच सारे नव्याने शोधत बसतात. मुलाचे निम्मे वर्ष त्यात जाते. हे मला फार सलते. मुलाविषयीचे हे जाणतेपण पुढे द्यायचे असेल तर आधी ते आपल्याला स्वतःला नीट आठवले पाहिजे. आठवण्याच्या कामात घाई चालत नाही.

तर सुरुवात करू.

हजेरीचे जूनचे पान काढा. आधी नुसते पान पाहा. जूनमधले आपले अक्षर जरा जास्त वळणदार असते. खाली एक-दोन नावे वेगळ्या शाईत आहेत, ती उशिरा आलेली मुले. एखाद्या नावावर लाल रेघ आहे, दाखला काढून नेलेले मूल. आता पहिले नाव घ्या आणि मोठ्याने वाचा, रोज हजेरी घेताना वाचत होतात तसेच. उत्तर येणार नाही. पुढच्या नावाकडे जायची घाईही नाही. डोळे मिटा आणि त्या मुलाला येऊ द्या.

ते कसे येते ते पाहा. काही मुलांचा आधी आवाज येतो. काहींचे आधी हात दिसतात, शाईचे, मातीचे, मेंदी उतरत आलेले. कोणी दप्तराचा तुटलेला बंद गाठ मारून खांद्यावर ओढत येते. जे येते ते येऊ द्या, निवड करू नका. गुण आठवले तर बाजूला ठेवा, ते लिहून झालेले आहेत. दोन-तीन श्वास एका नावाजवळ थांबा. मग दुसरे नाव. मग तिसरे.

असे करत जाताना मध्येच एक नाव असे येईल की त्या नावापाठोपाठ कोणीच येणार नाही.

इथे थांबा. या सकाळचे खरे काम इथे आहे.

अशी दोन-चार मुले बहुतेक वर्गांत असतात. रोज येतात. वही पूर्ण असते. विचारले तर उत्तर देतात, न विचारले तर गप्प राहतात. त्यांची तक्रार घेऊन कोणी येत नाही, त्यांचे पालक पालकसभेला मागच्या रांगेत बसून जातात. श्रेणी ब-१, नाहीतर ब-२. हुशार मूल लक्षात राहते, कारण केंद्रावरच्या स्पर्धेला त्याला न्यायचे असते. मागे राहिलेले मूल लक्षात राहते, कारण त्याचा अध्ययनस्तर वर कळवायचा असतो, त्याच्यासाठी जादा तास घ्यायचा असतो. खोडकर मूल तर निवृत्तीनंतरही आठवते. मधले मूल मात्र वर्षभर डोळ्यांसमोर बसून डोळ्यांतून निसटते. वर्ग चालू असताना जो ओढेल त्याच्याकडे लक्ष जाते, हे कोणत्याही शिक्षकाच्या बाबतीत घडते. आज कोणी ओढत नाही. वर्ग रिकामा आहे. लक्ष कुठे द्यायचे ते आज सर्वस्वी तुमच्या हातात आहे, आणि ते या नावाला द्यायचे आहे.

आठवणीला आधार लागतो, तो एकेक करून द्या. हे मूल कुठे बसायचे? शेजारी कोण असायचे? खिचडीच्या रांगेत ते पुढे असायचे की मागे? पुन्हा वाढून घ्यायचे का? शाळा सुटली की कोणत्या वाटेने जायचे, ओढ्याच्या की वस्तीच्या? एकटे, की कोणाचा हात धरून? 'बाई' म्हणून त्याने स्वतःहून हाक मारल्याचा एखादा प्रसंग आहे का? घाई करू नका. कुठेतरी धागा लागतोच.

माझ्या वर्गातली एक मुलगी मला अशीच सापडली होती. नाव वाचले आणि समोर काहीच येईना. मग शाळा सुटण्याची वेळ आठवून पाहिली आणि ती दाराशी वाकलेली दिसली. आमच्या वर्गाबाहेर चपला असत, त्या वर्षभर जोडीजोडीने लावलेल्या आणि तोंडे बाहेरच्या बाजूला केलेल्या असत, म्हणजे घंटा झाली की मुलांनी पाय घालायचे आणि पळायचे. त्या चपला ती लावत होती. प्रार्थना सुरू होण्याआधी सगळे आत गेले की ती मागे राहायची, वाकायची, पटापट जोड्या लावायची आणि शेवटून आत यायची. हे काम तिला कोणी सांगितले नव्हते आणि त्यासाठी तिला कोणी शाबासकीही दिली नव्हती. सगळ्यांच्या चपला तिला ओळखू येत होत्या. म्हणजे कोणाचा अंगठा तुटला आहे, कोण आज अनवाणी आले आहे, हे वर्गात सगळ्यांच्या आधी तिला कळत होते. अशा मुलीला गटप्रमुख करा, एवढे एक वाक्य पुढच्या वर्गाच्या शिक्षकांना सांगितले तर त्या मुलीचे पुढचे वर्ष वेगळे जाते. तसे ते गेलेही.

इतके करूनही एखादे मूल आलेच नाही, तर त्याचे नाव कोऱ्या वहीत लिहा आणि पुढे चला. निकालाचा दिवस अजून हातात आहे. त्या दिवशी प्रगतिपुस्तक देताना त्या मुलाला जवळ बसवून घ्या. सुट्टीत कुठे जाणार, घरी कोण कोण असते, काय करायला आवडते, एवढेच विचारा. आणि ते जे सांगेल ते पूर्ण ऐका.

*

आता हजेरी क्षणभर मिटा. मनातल्या मनात एक हिशेब करू.

शिक्षणहक्क कायदा पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन मागतो. प्राथमिक शाळेत साधारण ३० मुलांमागे एक शिक्षक असावा, असे त्याच कायद्यात आहे. ८०० तास ३० मुलांत वाटले, तर एका मुलाच्या वाट्याला २६ तास ४० मिनिटे येतात. एक दिवस आणि वर थोडा वेळ.

हा आकडा मनात धरून बसा. त्याच्याशी लगेच वाद घालू नका. शिकवणे असे वाटून होत नाही, हे खरेच आहे. गोष्ट सांगताना एकच तास सगळ्यांना पुरेपूर मिळतो. पण वही तपासताना, वाचून घेताना, चुकलेले पुन्हा समजावताना वेळ वाटलाच जातो. वाडीवस्तीवरच्या द्विशिक्षकी शाळेत तर एका खोलीत दोन-तीन इयत्ता बसतात. पहिलीचा हात धरून अक्षर गिरवून घेताना तिसरी वाट पाहते, तिसरीला भागाकार सांगताना पहिली खिडकीबाहेर पाहते.

आता डोळे मिटून बघा: या वर्षी कोणाच्या वाट्याला जास्त वेळ गेला? चेहरे आपोआप समोर येतील. त्यांच्यावर तो वाया गेला असे समजू नका. ज्याला गरज असते ते मूल जास्त घेते आणि घ्यावेच. मग उलट बघा: कोणाच्या वाट्याला कमी आला? का? ते मूल लवकर समजून घेत होते म्हणून? ते मागत नव्हते म्हणून? की त्याच्याशी आपले सूर जुळले नाहीत म्हणून? शेवटचा प्रश्न टोचतो. टोचू द्या. त्याचे उत्तर कोणाला द्यायचे नाही.

यात आणखी एक गोष्ट मनात येईल. कितीतरी तास आपण दिले नाहीत असे नाही, ते आपल्याकडून काढून घेतले गेले. जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना दुसरे अशैक्षणिक काम देऊ नये, असे कायदा सांगतो. तरी पोर्टलवर भरायच्या माहितीत, सर्वेक्षणांत आणि तातडीच्या बैठकांत किती सकाळी गेल्या, ते प्रत्येक शिक्षकाला माहीत आहे. याचा राग खरा आहे. तो संघटनेच्या बैठकीत, पत्रात, जिथे मांडायचा तिथे जरूर मांडा. आजची सकाळ मात्र त्याला देऊ नका. आजची सकाळ मुलांची आहे.

*

पुन्हा हजेरी उघडा. दिवाळीनंतरची पाने काढा.

मराठवाड्यात, अहिल्यानगरच्या पूर्वेला, जिथून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात त्या गावांत शिकवत असाल, तर या पानांवर काही नावांपुढे गैरहजेरीच्या खुणांची सलग ओळ असेल. आई-बाप कोयता घेऊन कारखान्याकडे गेले, मुकादमाची उचल अंगावर होती, घरी सांभाळायला आजी नव्हती, हंगामी वसतिगृहात ठेवायला मन झाले नाही किंवा जागा झाली नाही. जाताना शिक्षण हमी पत्रक हातात दिले असेल, म्हणजे तिकडच्या शाळेत बसवून घेतील. बसवून घेतले की नाही, ते पुष्कळदा कळतच नाही. मग कारखान्याचा पट्टा पडतो, ट्रॅक्टर गावात येतात, आणि परीक्षेच्या तोंडावर मूल पुन्हा वर्गाच्या दारात उभे राहते. रापलेले, उंची वाढलेली, मनगटावर उसाच्या पात्याचे बारीक ओरखडे.

त्या मुलाचे नाव घ्या आणि त्या दारातल्या चेहऱ्याजवळ थांबा. ते आपल्या जुन्या जागेकडे पाहत असते. ती जागा आता दुसऱ्याची आहे.

आता हजेरीच्या त्या कोऱ्या महिन्यांत जाऊन पाहा. मूल शाळेत नव्हते, पण ते कुठेतरी होतेच. पहाटे थंडीत कोपीबाहेर चूल पेटवत होते. फडात तान्ह्या भावाला सावलीत निजवून त्याच्यावर नजर ठेवत होते. वाढे गोळा करत होते. मोळ्या मोजत होते, गाडी भरताना टनाचा अंदाज ऐकत होते, वजनकाट्यावर बापाचा चेहरा वाचत होते. आपण त्याच्या प्रगतिपुस्तकात गणितापुढे खालची श्रेणी लिहिली. ती खोटी नाही, कारण त्याला हातच्याची वजाबाकी येत नाही. पण मोळीचा हिशेब त्याला येतो, हेही तितकेच खरे आहे, आणि ते लिहायला कुठे जागा नव्हती. हातच्याची वजाबाकी मोळीपासून सुरू करा, असे पुढच्या शिक्षकांना कोणी सांगितले तर?

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. तिथली वारली मुले गुरांमागे जायची, त्यामुळे शाळेत यायची नाहीत. तेव्हा त्यांनी कुरणशाळा काढली. गुरे चरत होती तिथे शाळा गेली. हे आपण डी. एड.ला परीक्षेपुरते वाचलेले असते. आज हजेरीच्या पानापुढे बसून ते पुन्हा मनात आणा. त्या दोघींनी मुलाची गैरहजेरी पाहिली आणि विचारले, मूल आत्ता आहे कुठे? आपल्या सगळ्यांना कुरणशाळा काढता येणार नाही. हा प्रश्न मात्र प्रत्येकाला विचारता येतो. ज्या ज्या नावापुढे खुणा जास्त आहेत, त्या नावाजवळ थांबून तो विचारा. कोणी आजारी होते. कोणी धाकट्याला सांभाळत घरी होते. कोणी वर्गात एकदा हसे झाल्यावर यायचे थांबले होते. उत्तर ठाऊक असेल तर वहीत लिहा. ठाऊक नसेल तर तेही लिहा.

*

वर्गाच्या कपाटात एखाद्या मुलाची वही राहिलेली असेल. ती घ्या. जुलैचे पान आणि एप्रिलचे पान शेजारी शेजारी धरा.

मी एक गणिताची वही सांगते. दुसरीतल्या मुलाची. जुलैमध्ये त्याने 'त्रेपन्न' ऐकून ३५ लिहिले आहे. 'एकोणतीस' ऐकून ३९. पुढच्या पानावर पुन्हा तेच, आणि त्यावर माझी लाल फुली. ऑगस्टमध्ये खोडरबराने कागद घासून घासून भोक पडले आहे. एवढ्या जोराने खोडणारे मूल आळशी नसते, हे त्या भोकाकडे पाहिले की कळते. चूक कुठून येते तेही तिथेच कळते. मराठीत आपण 'त्रेपन्न' म्हणतो तेव्हा तीन आधी ऐकू येतात आणि पन्नास मागून. तो जे आधी ऐकतो ते आधी लिहितो. 'एकोणतीस'मध्ये त्याला तीस ऐकू येते आणि तो प्रामाणिकपणे तिशीतली संख्या लिहितो. ऐकलेल्याशी तो इमान राखून आहे. लिहिण्याची रीत मात्र उलटी आहे. जानेवारीच्या पानावर ५३ बरोबर आहे, पण ५ आणि ३ यांच्यामध्ये पेन्सिल टेकल्याचा एक बारीक ठिपका आहे. तिथे तो थांबला होता. थांबून मनात म्हणत होता, पन्नास आणि तीन. एप्रिलच्या पानावर ठिपका नाही.

त्या ठिपक्याकडे पाहत राहा. वर्षभराच्या शिकवण्यातले जे काही खरोखर घडते, ते इतक्या लहान जागेत असते. निकालपत्रकात त्या मुलापुढे एक श्रेणी आहे. जुलै ते एप्रिल हा त्याचा प्रवास त्या श्रेणीत दिसत नाही, आणि गडबडीत संख्या सांगितली की तो अजूनही चुकतो, दोन क्षण दिले की चुकत नाही, हेही दिसत नाही.

तुमच्या हातातल्या वहीत असा ठिपका शोधा. वही उपलब्ध नसेल तर आठवणीत शोधा. जोडाक्षर पाहिले की आवाज खाली नेणारी मुलगी, जी मार्चमध्ये एके दिवशी 'स्वातंत्र्य' हा शब्द न अडखळता वाचून स्वतःच दचकली. कविता चालीवर म्हणताना ज्याचे अडखळणे पार जाते असा मुलगा. तांड्यावरून येणारी, घरी गोरमाटी बोलणारी पोर, जी दसऱ्यापर्यंत गप्प होती. सगळ्यांना वाटले तिला येत नाही. ती मनात एका भाषेतून दुसरीत जात होती आणि तोवर आपला प्रश्न पुढच्या मुलाकडे गेलेला असायचा. थोडे थांबायला लागल्यावर ती पूर्ण वाक्यात बोलू लागली.

प्रत्येक मुलाचा असा ठिपका आठवेलच असे नाही. जितके आठवतील तितके पुरेत.

*

आता कोरी वही पुढे ओढा.

सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आपल्याकडे २०१० मध्ये आले. गुणांच्या जोडीने शिक्षकाने मुलाविषयी शब्दांत लिहावे, असे त्यात ठरले. विशेष प्रगती, आवड व छंद, सुधारणा आवश्यक. हे तीन रकाने मला आजही फार मोलाचे वाटतात. शिक्षकाने पाहिलेले खरे आहे, ते लिहून ठेवण्यासारखे आहे, अशी शासनाने दिलेली ती कबुली होती. पुढे काय झाले ते आपण जाणतो. नोंदींच्या तयार याद्या निघाल्या, छापील निघाल्या, मग मोबाइलवर फिरू लागल्या. 'स्पष्ट व योग्य उच्चारात वाचन करतो.' 'उपक्रमात उत्साहाने सहभागी होतो.' ही वाक्ये खोटी नसतात, पण ती वर्गातल्या कोणत्याही मुलापुढे चालतात. रात्री जागून पट पूर्ण करणाऱ्या शिक्षकाने ती उतरवली तर मी त्याला नावे ठेवणार नाही. आज मात्र याद्या समोर नाहीत आणि तपासायला कोणी येणार नाही.

प्रत्येक नावापुढे एकच वाक्य लिहा. असे, की ते दुसऱ्या कोणत्याही मुलापुढे लिहिता येणार नाही. आणि असे, की ते वाचून पुढच्या शिक्षकांना दुसऱ्याच दिवशी काहीतरी करता येईल.

'संख्या सांगितल्यावर जरा थांबा, बरोबर लिहितो.' 'डाव्या बाजूने हाक मारली तर वळत नाही. पुढे बसवा आणि आरोग्य तपासणीच्या पथकाला आवर्जून दाखवा.' 'आई वारली आहे. माझी आई या विषयावर निबंध द्यायचा असेल तर आधी त्याच्याशी बोला.' 'वाचताना सगळ्यांसमोर उभे करू नका. माझ्याजवळ बसून तिने पूर्ण पुस्तक वाचले आहे.' 'सोमवारी उपाशी येते.' अशी वाक्ये.

इथे एक सावधगिरी मनापासून सांगते. मुलाला पुढच्या वर्षी नव्याने सुरुवात करायचा हक्क आहे. काही शिक्षक म्हणतात की मागचे काही सांगूच नका, मला मूल माझ्या डोळ्यांनी पाहू द्या. त्यांचे म्हणणे मी आदराने ऐकते, कारण एक वाईट शेरा मुलाच्या मागे चौथीपासून दहावीपर्यंत चालत जाताना मी पाहिला आहे. 'आळशी', 'खोटे बोलतो', 'घरचे लक्ष देत नाहीत', असले काही या वहीत लिहू नका. लिहिलेल्या वाक्याने मुलाला मदत होते की त्याच्यावर शिक्का बसतो, हे एकदा तपासा. शिक्का बसत असेल तर खोडा आणि त्या वागण्यामागे काय होते ते आठवता आले तर लिहा. घरातली जी गोष्ट मुलाने विश्वासाने सांगितली, ती त्याला विचारल्याशिवाय कागदावर आणू नका. पाचवी आणि आठवीला आता पुन्हा वार्षिक परीक्षा आहे, पुनर्परीक्षाही आहे. त्या मुलांच्या बाबतीत तर शेरा आणि मदत यांतला हा फरक जास्तच जपायला हवा.

लिहिताना मधूनच थांबाल. एखाद्या नावाजवळ डोळे भरून येतील, येऊ द्या. एखाद्या नावाजवळ अजूनही चीड येईल. तिथे वाक्य लिहायची घाई करू नका, दुसऱ्या दिवशी लिहा.

जी मुले शाळा सोडून दुसऱ्या गावी, मोठ्या शाळेत जाणार आहेत, त्यांची वाक्ये शेवटी लिहा आणि त्यांना जास्त वेळ द्या. दाखल्यावर आपण अभ्यासातील प्रगती समाधानकारक आणि वर्तणूक चांगली, एवढेच लिहून देतो, कारण दाखल्यात तेवढीच जागा असते. त्या मुलांच्या पालकांशी मात्र तोंडी बोला. तुमच्या मुलाला अमुक गोष्ट फार छान येते, हे वाक्य कित्येक आई-बापांनी शाळेच्या आवारात कधीच ऐकलेले नसते.

सगळी नावे झाली की वही मिटून पाच मिनिटे काहीही न करता बसा. इथे स्वतःविषयी विचार येतील. त्यांना फार जागा देऊ नका, पण एक प्रश्न घ्या: या वर्षी मी कोणती गोष्ट बदलली? गिजुभाई बधेकांच्या 'दिवास्वप्न'मधला शिक्षक चौथीचा वर्ग वर्षभरासाठी प्रयोगाला घेतो, आणि पहिल्याच दिवशी त्याची घरी बसून केलेली योजना फसते. शांततेचा खेळ घ्यायला जातो आणि वर्गात गोंधळ माजतो. तो घरी जातो, विचार करतो आणि दुसऱ्या दिवशी गोष्ट सांगायला बसतो. मला त्या पुस्तकातल्या वर्षाच्या शेवटापेक्षा ही दुसरी सकाळ मोठी वाटते. तुमच्याही वर्षात अशा दुसऱ्या सकाळी आल्या असतील. त्यांतली एक आठवा. कोणत्या मुलामुळे ती आली तेही आठवा, आणि त्या मुलाच्या वाक्याखाली एक ओळ वाढवा: याने मला अमुक शिकवले.

*

आता या वहीचे काय करायचे?

ती कपाटात ठेवू नका, कपाटाची किल्ली हरवते. पुढच्या इयत्तेचे शिक्षक याच शाळेत असतील तर सुट्टीआधीच त्यांच्याबरोबर चहाला बसा आणि एकेक नाव घेऊन बोला. ते वाक्य वाचून दाखवा, त्यांना प्रश्न विचारू द्या. शाळेतल्या कागदांपेक्षा या अर्ध्या तासाच्या बोलण्यातून मुलाला जास्त मिळते. मूल केंद्रशाळेत किंवा हायस्कूलला जाणार असेल तर शिक्षण परिषदेत तिथले शिक्षक भेटतात, तेव्हा बोला. तुमचीच बदली होणार असेल तर वहीची एक प्रत मुख्याध्यापकांच्या हातात देऊन जा आणि पहिल्या पानावर आपला फोन नंबर लिहा. शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यात नव्या बाईंचा किंवा सरांचा फोन येईल. तुम्ही नव्या शाळेत असाल, नवी हजेरी समोर असेल, गडबड असेल. तरी फोन उचला आणि त्या मुलाविषयी सावकाश, सगळे सांगा.